गणितं गाळा म्हणणाऱ्यांना

"विज्ञान शिकवा, पण त्यातली गणितं काढून टाका." पालकसभेत, शिक्षकांच्या शिबिरात, व्याख्यानमालेत हे वाक्य आता इतक्या वेळा ऐकू येतं की त्याला हरकत घेणारा माणूस मुलांचा वैरीच ठरावा. युक्तिवाद साधारण असा असतो. सातवी-आठवीपर्यंत मुलांना विज्ञान आवडतं. फुगा, चुंबक, भिंग, मेणबत्ती, सगळं आवडतं. मग नववीला 'गतीचे नियम' आणि 'कार्य आणि ऊर्जा' हे धडे येतात, दहावीला 'उष्णता' येते, धड्याच्या शेवटी उदाहरणं दिसतात आणि पोरांचे चेहरे उतरतात. ज्याला पुढे भौतिकशास्त्र घ्यायचंच नाही, त्याला ज्यूल आणि न्यूटनचे गुणाकार कशाला? ऊर्जा नष्ट होत नाही, ती फक्त रूप बदलते. एवढं समजलं की पुरे. आकडेमोड काय, मोबाइलही करून देतो.

मुलं घाबरतात हे खरं आहे, त्याबद्दल भांडण नाही. भांडण आहे ते 'एवढं समजलं की पुरे' या चार शब्दांशी. उष्णता, ऊर्जा आणि बल या विषयांतून आकडा काढून घेतला की मुलाच्या हाती एक सुंदर वाक्य राहतं. ते त्याला पाठ होतं, परीक्षेत लिहिता येतं, आणि त्याने कशाचाही निकाल लावता येत नाही.

साधा प्रश्न घ्या. गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत पाण्याच्या पंपाच्या बिलावरून दरवर्षी किती रक्त आटतं हे मी सांगायला नको. पंप धडधडतो, तासन्‌तास चालतो, हजारो लिटर पाणी गच्चीवर चढवतो. त्याच इमारतीत सकाळी प्रत्येक घरात गिझर लागतो, तो आवाज करत नाही, त्याच्यावर सभेत चर्चाही होत नाही. आता संकल्पना तेवढ्या शिकलेल्या मुलाला विचारा की जास्त ऊर्जा कुठे जाते. तो म्हणेल, पंपात विद्युत ऊर्जेचं रूपांतर स्थितिज ऊर्जेत होतं आणि गिझरमध्ये उष्णतेत. अगदी बरोबर. पण उत्तर कुठे आहे?

उत्तर दोन ओळींच्या गुणाकारात आहे. आंघोळीचं १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं तर १५ गुणिले २० गुणिले ४.१९, म्हणजे सुमारे १,२५७ किलोज्यूल लागतात. विजेच्या हिशेबात एक तृतीयांश युनिटहून किंचित जास्त. तेच १५ लिटर पाणी १० मीटर वर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, न्यायला १५ गुणिले ९.८ गुणिले १०, म्हणजे दीड किलोज्यूलसुद्धा लागत नाही. पंप अगदी सुमार असला, त्याची कार्यक्षमता चाळीसच टक्के धरली, तरी एका बादलीच्या गरम पाण्याच्या ऊर्जेत १००० लिटरच्या पाच टाक्या गच्चीवर चढतात. आणि हिशेब उलटा केला तर? वीस अंशांनी पाणी तापवायला लागणारी ऊर्जा ते पाणी साडेआठ किलोमीटर उंच उचलायला पुरते. एव्हरेस्टचा माथा ८,८४९ मीटरवर आहे. रोज सकाळी आपण प्रत्येक जण एक बादली पाणी जवळपास तिथवर नेऊन ठेवतो आणि डोक्यावरून ओतून घेतो.

ही गोष्ट मला तरी फुगा आणि चुंबकाइतकीच रंजक वाटते. पण ती आकड्यांवाचून सांगताच येत नाही. 'उष्णतेत खूप ऊर्जा असते' हे वाक्य ऐकून कोणाचे डोळे विस्फारल्याचं मी पाहिलेलं नाही. गणित रंजकतेच्या आड येतं असं म्हणणाऱ्यांना बहुधा गणिताच्या पलीकडची ही जागा कोणी दाखवलीच नसावी. धावत जाऊन ९ वॉटचा दिवा बंद करणाऱ्या आणि मग दोन बादल्या गरम पाणी अंगावर घेणाऱ्या घरांत हा हिशेब कळायला हवा. एका बादलीच्या ऊर्जेत तो दिवा साधारण ३९ तास जळतो.

आता इतिहास काढायचा तर तोही 'फक्त संकल्पना'वाल्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. उष्णता म्हणजे कॅलॉरिक नावाचा एक अदृश्य द्रव आहे, असं अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले बहुतेक विद्वान मानत. म्युनिकच्या शस्त्रागारात काउंट रम्फर्ड तोफांच्या नळ्या कोरण्याच्या कामावर देखरेख करत होता. कोरताना धातू भयंकर तापतो हे पाहून त्याने बोथट हत्यार लावलं, तोफेच्या धातूभोवती पाणी ठेवलं आणि घोड्यांकरवी यंत्र फिरवत ठेवलं. सुमारे अडीच तासांनी पाणी उकळलं. विस्तवाशिवाय पाणी उकळताना पाहून जमलेली माणसं थक्क झाली, असं त्याने स्वतः १७९८च्या निबंधात लिहिलं आहे. घर्षणातून हवी तितकी उष्णता निघत राहते, तर ती साठवलेला द्रव कशी असेल? प्रयोग डोळ्यांना दिसणारा, नाट्यमय, सूत्राचा जाच नाही. आजच्या भाषेत 'हसतखेळत विज्ञान'च.

पुढे काय झालं? कॅलॉरिक मेला नाही. १८२४ साली सादी कार्नोने वाफेच्या यंत्रावरचं आपलं असामान्य पुस्तक लिहिलं तेही कॅलॉरिक गृहीत धरूनच. रम्फर्डचा प्रयोग सगळ्यांना माहीत होता, फक्त त्याने कोणाचा नाइलाज होत नव्हता. द्रव मानणाऱ्यांकडे पळवाटा होत्या: धातूचा चुरा होताना त्याच्यातला कॅलॉरिक बाहेर पिळला जातो, वगैरे.

त्यांची वाट अडवली ती मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये जन्मलेल्या एका बिअर गाळणाऱ्याच्या मुलाने. जेम्स जूलचा प्रयोग दिसायला रम्फर्डपुढे अगदीच फिका. पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांसारखी पाती, ती फिरवायला दोरीने बांधलेली दोन वजनं. वजनं खाली येतात, पाती पाणी घुसळतात. वीस वेळा वजनं वर चढवून पुन्हा खाली सोडली तरी पाण्याचं तापमान एक अंश फॅरनहाइटसुद्धा चढत नसे. बघायला आलेला माणूस जांभई देऊन गेला असता. पण जूलकडे अत्यंत सूक्ष्म तापमापक होता आणि चिकाटी होती. त्याने पाणी घुसळलं, पारा घुसळला, लोखंड लोखंडावर घासलं, आणि दर वेळी जवळपास एकच आकडा आला. १८५०मध्ये त्याने तो मांडला: ७७२ पौंड वजन एक फूट खाली आलं की एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापतं. आजच्या मापाशी ताडून पाहिलं तर चूक एका टक्क्याहून कमी आहे.

कॅलॉरिकचा खरा पराभव इथे झाला. घुसळायचा पदार्थ बदला, यंत्र बदला, आकडा तोच येणार, हे कोणत्याही अदृश्य द्रवाला पेलणारं नव्हतं. नायगाऱ्याचं पाणी १६० फूट कोसळल्यावर अंशाच्या पाचव्या भागाने तापलेलं असेल, असं जूलने १८४५मध्येच हिशेबाने सांगितलं होतं. आपल्याकडे हेच करायचं तर, कळसूबाईच्या १,६४६ मीटर माथ्यावरून समुद्रसपाटीपर्यंत पाणी पडलं आणि वाटेत कुठेही उष्णता गमावली नाही, तर ते जेमतेम चार अंश सेल्सियसने तापेल. जूलच्या थडग्यावर त्याच्या नावासोबत ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. त्याच्या पुढच्या पिढीला कळलं होतं की या माणसाने जगाला काय दिलं.

ऊर्जा अक्षय्यतेचा नियम हा असा हिशेबाचा नियम आहे. जमा आणि खर्च जुळतात एवढंच तो म्हणतो. वहीतले आकडे खोडून 'जमा आणि खर्च जुळतात हो' असं मुलांना सांगत बसायचं आणि त्याला संकल्पना समजावणं म्हणायचं, हा नवा प्रघात आहे.

कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण आकडा न कळल्याने कोणाचं नुकसान झालंय? खंडाळ्याच्या घाटात जाऊन पाहावं. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना पाचशे मीटरहून जास्त उंची कमी होते. सोयीसाठी ५०० धरू. २५ टनांचा भरलेला ट्रक ५०० मीटर उतरतो तेव्हा त्याची सव्वाबारा कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तोच ट्रक सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने धावत असेल तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ३५ लाख ज्यूल असते. भागाकार करा. घाट उतरणं म्हणजे ताशी ६०च्या वेगातला ट्रक ब्रेक मारून पस्तीस वेळा, लागोपाठ, थांबवणं. सगळा भार ब्रेकवर टाकला तर त्या उष्णतेत २५ अंशांचं जवळपास ३९० लिटर पाणी उकळीला येईल. ब्रेकच्या ड्रमजवळ पाणी नाही, थोडंसं लोखंड आहे. ते तापतं, अस्तर पकड सोडतं आणि 'ब्रेक फेल' अशी बातमी येते.

जुना चालक घाटाच्या तोंडाशी गिअर खाली घेतो आणि इंजिनाला ट्रक धरून ठेवायला लावतो. त्याला हे उस्तादाने शिकवलेलं असतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्या नवख्यालाही 'ऊर्जा रूप बदलते' हे माहीत असतं, शाळेत पाठ केलेलं असतं. पस्तीस हा आकडा त्याला माहीत नसतो. उतारावर गाडीला ओढायला डिझेल लागत नाही म्हणून ते वाचतं असं त्याला वाटतं. ती पस्तीस थांबणी कोण करणार, हा प्रश्नच त्याच्यापुढे उभा राहत नाही. बाजूच्या रेल्वेला मात्र हे गणित टाळता आलं नाही. कर्जत-लोणावळा घाटाचा चढ ३७ला १ आहे. १००० टनांची गाडी त्या चढावर उभी असली तरी २७ टन वजनाच्या बळाने मागे ओढली जात असते. म्हणून मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, आणि उतरत्या मार्गावर ताबा सुटलेली गाडी वळवून घ्यायला कॅच सायडिंग ठेवलेल्या आहेत.

स्वयंपाकघरातही तसंच. उकडीच्या मोदकांचं झाकण उघडताना हात भाजतो, आणि उकळतं पाणी सांडल्यापेक्षा जास्त भाजतो. 'वाफेत अप्रकट उष्मा असतो' एवढ्याने ते थोडं जास्त असेल असं वाटतं. एक ग्रॅम उकळतं पाणी त्वचेच्या ३७ अंशांपर्यंत थंड होताना ६३ कॅलरी देतं. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४०, मग वर ६३. साडेनऊ पट. थोडं जास्त आणि साडेनऊ पट यांत जो फरक आहे तोच मी मांडतो आहे.

समोरच्यांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं, आणि तेही अर्धंमुर्धं नाही. आपल्या शाळांत जी उदाहरणं सोडवून घेतात ती बव्हंशी टाकाऊ असतात. 'एका वस्तूवर १० न्यूटन बल लावले असता ती ५ मीटर विस्थापित होते, तर कार्य किती?' कोणती वस्तू? कुठे? कोण ढकलतंय? सूत्राला एक गुण, किमती घालायला एक, एककाला अर्धा. उत्तर ५० ज्यूल. ते खूप की थोडं, हे मुलाला विचारत नाहीत आणि शिक्षकालाही कोणी विचारलेलं नसतं. उत्तरात माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला ३४० मीटर आला तरी पोरगा शांतपणे खाली दोन रेघा मारतो. अशा गणितांना घाबरण्यापेक्षा कंटाळणं साहजिक आहे, आणि ती उद्या गेली तर मला वाईट वाटणार नाही.

पण त्यांच्या जागी काय आणायचं? इथे 'कृतीतून विज्ञान'वाले होशंगाबादचं नाव घेतात. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ चाललेला तो विज्ञान-शिक्षणाचा कार्यक्रम आदरानेच आठवावा असा आहे. पण तिथल्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांतली मुलं काय करत होती? मोजत होती. लांबी मोजत होती, वेगवेगळ्या मुलांची मापं वेगळी का येतात यावर वाद घालत होती, तक्ते भरत होती, आलेख काढत होती. कृतीच्या नावाने आकडा हद्दपार करणाऱ्यांनी त्या लोकांची साक्ष काढू नये. वाईट गणिताला उतारा चांगलं गणित: घरच्या बादलीचं, घरच्या गिझरचं, दप्तर घेऊन चढलेल्या जिन्याचं, ज्यातले आकडे पुस्तकात छापलेले नसतात आणि मुलाला स्वतः शोधावे लागतात.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कोणी काढत नाही. अभ्यासक्रमातून गणितं गेली म्हणून ती सगळ्यांच्याच आयुष्यातून जात नाहीत. ज्याच्या पालकांच्या खिशात पैसा आहे तो आठवीपासून क्लासला जातो आणि तिथे उष्णतेची, बलाची, ऊर्जेची शेकडो उदाहरणं घोटतो, कारण पुढच्या प्रवेशपरीक्षेत तीच येणार असतात. गोष्टीरूप विज्ञान उरेल ते महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांच्या वाट्याला. मुलांवरचा ताण कमी करण्याचा हा उपाय ज्यांना दुसरं काहीच उपलब्ध नाही त्यांनाच लागू होतो. करुणेचा हा प्रकार मला तपासून घ्यावासा वाटतो.

चित्र डोळ्यांना फसवतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तर आपल्याच मातीतलं आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात यंत्रांवर एक प्रकरण आहे. तिथे एका आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन येतं: हलक्या लाकडाचं चाक, पोकळ आरे, त्यांत अर्धवट भरलेला पारा. चाक फिरलं की एका बाजूचा पारा परिघाकडे सरकतो, दुसऱ्या बाजूचा आसाकडे. लांब गेलेलं वजन जास्त ओढणार, म्हणजे चाक फिरतच राहणार. कल्पना त्यांच्याआधीही आपल्याकडे होती आणि नंतर युरोपातही शतकानुशतकं निरनिराळ्या रूपांत येत राहिली. चित्र पाहिलं की आजही पटतं. ते का फिरत नाही हे चित्रातून कधीच कळणार नाही; प्रत्येक आऱ्यातल्या पाऱ्याचं वजन गुणिले आसापासूनचं आडवं अंतर अशी बेरीज दोन्ही बाजूंना करावी लागते. एका बाजूला वजन लांब असतं तेव्हा दुसऱ्या बाजूला जास्त आरे असतात. पूर्ण फेऱ्याचा हिशेब शून्य येतो. लीलावती लिहिणाऱ्याला गुणाकार अवघड नव्हता; यंत्रातून फुकट काम निघत नाही हेच तेव्हा सर्वमान्य झालेलं नव्हतं. ते मान्य झाल्यावर पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५मध्ये असे प्रस्ताव तपासणंच बंद केलं.

आपल्याकडे ते बंद झालेलं नाही. मोटर जनरेटर फिरवते आणि जनरेटर मोटर, असा 'फुकट विजेचा' व्हिडिओ दर आठवड्याला कोणीतरी पुढे ढकलतं. दोन्ही यंत्रं अगदी चांगली, प्रत्येकी ८५ टक्के कार्यक्षम धरा: एका फेऱ्यात १००चे ७२ उरतात, दुसऱ्यात ५२, पाचव्यात २०. पाण्यावर चालणाऱ्या गाडीचंही तेच. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. एक किलो पाणी फोडायला १ कोटी ६० लाख ज्यूलच्या आसपास लागतात आणि तो हायड्रोजन पुन्हा जाळला की तेवढेच परत मिळतात, तेही काहीच वाया गेलं नाही तर. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तोंडपाठ असलेले पदवीधर हे व्हिडिओ पुढे पाठवतात, कारण त्यात नियम मोडलेला त्यांना दिसत नाही. तो आकड्यांत मोडलेला असतो.

राहिला मोबाइल. तो गुणाकार बिनचूक करतो, त्याबद्दल शंका नाही. पण कशाला कशाने गुणायचं हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं, आणि आलेलं उत्तर हजारपट चुकलं तर ते डोळ्यांना खुपावं लागतं. 'या प्रकल्पातून वर्षाला ५० मेगावॉट वीज मिळणार' अशी वाक्यं छापून येतात, कारण लिहिणाऱ्याच्या, तपासणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना काहीच खुपत नाही. वॉट हा ऊर्जा खर्च होण्याचा वेग आहे आणि युनिट ही ऊर्जा, हे कळायला एक उदाहरण हाताने सोडवावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

छपरावर सौर पॅनेल बसवायला निघालेल्या घराला तर हे रोख पैशात भोगावं लागतं. २०२४च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, म्हणून विक्रेते दारोदार फिरत आहेत. '३ किलोवॉट म्हणजे तुमचं सगळं घर चालेल' असं सांगितलं जातं. महाराष्ट्रात एक किलोवॉटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणजे तीनचं बारा. पावसाळ्यात त्याहून बरंच कमी. तीन गुणिले चोवीस, बहात्तर नव्हे. पहाटे सहाला लागणारा २ किलोवॉटचा गिझर तर त्या वेळी उगवलेला नसलेल्या सूर्यावर चालणार नाही. तेव्हा वीज तारेतूनच येणार आणि नेट मीटरवर मोजली जाणार. दिवसाला युनिट किती, मे महिन्यात किती, जुलैत किती, आमचा वापर कोणत्या तासांत आहे? विक्रेत्याला हे आकडे माहीत असतात. समोरच्याला ते मागता येतात की नाही, हे तो पहिल्या दोन मिनिटांत ओळखतो.